वाचकांचे प्रश्न : बंद छापखान्याचं संग्रहालय करताना

गेल्या अंकात गावोगावच्या बंद छापखान्यांविषयी विचारलं होतं. आलेल्या पत्रांवरून एवढं कळलं, की सामान वाचवायला माणसं तयार आहेत. घोळ आहे तो आधी काय करायचं आणि नंतर काय, याचा. म्हणून या वेळी इतर विषय बाजूला ठेवून याच प्रश्नांना जागा दिली आहे.

आमच्या तालुक्याच्या गावातला छापखाना पंधरा वर्षं बंद आहे. मालकांच्या मुलांनी एक ट्रेडल (पायानं चालवायचं छापयंत्र), खिळ्यांच्या म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या केसेसचे (खणांच्या उथळ खोक्यांचे) तीन रॅक आणि बाकीचं किडूकमिडूक वाचनालयाला द्यायचं कबूल केलंय. पहिल्या मजल्यावरची खोली रिकामी आहे. टेम्पो ठरवू का? – वाचनालयाचे कार्यवाह

टेम्पो इतक्यात नको. पहिल्या दिवशी एकही वस्तू जागची हलवू नका.

यंत्र गंजलं असेल तर घासता येतं, खिळे सांडले तर निवडता येतात. पण कुठल्या खणात कुठला खिळा होता, हे एकदा विस्कटलं की परत मिळत नाही. इंग्रजी केसची मांडणी ठरलेली असते, ती पुस्तकांतही सापडते. देवनागरीची तशी नाही. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार घेतलेल्या वेलांट्या असे शेकडो प्रकारचे खिळे चार-चार केसेसमध्ये पसरलेले असतात आणि त्यांची मांडणी छापखान्यागणिक बदलते. ती कागदावर नसते, जुळाऱ्याच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कारागिराच्या, हातात असते. म्हणून त्या छापखान्यात काम केलेला जुळारी हयात असेल तर आधी त्याला गाठा. त्याच्या वेळेचे पैसे द्या, हे काम फुकटात मागण्याजोगं नाही.

प्रत्येक रॅकला अक्षर आणि प्रत्येक केसला आकडा द्या : अ-१, अ-२, ब-१. केस अर्धी बाहेर ओढून बरोबर वरून फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवा. मग मोठ्या कागदावर त्या केसचे खण आखा. जुळाऱ्यानं एकेका खणावर बोट ठेवून त्या खिळ्याचं नाव सांगावं, दुसऱ्यानं ते कागदावर लिहावं, तिसऱ्यानं मोबाइलवर चित्रण करावं. नाव तो सांगेल तेच लिहा, पुस्तकी शब्दानं सुधारू नका. एका केसला साधारण अर्धा तास लागेल. तीन रॅकना आठ-दहा दिवस गेले तरी जाऊ द्या.

मग हलवाहलव. भरलेली केस दहा ते पंधरा किलोची सहज भरते आणि तिचा तळ पातळ फळीचा असतो. जुनी केस नुसत्या कडांना धरून उचलली की मधला तळ सुटतो आणि खिळ्यांचा ढीग जमिनीवर येतो. खाली प्लायवूडचा तुकडा सरकवा, वर वर्तमानपत्राच्या चार घड्या आणि पुठ्ठा ठेवा, सुतळीनं दोन ठिकाणी बांधा आणि दोघांनी आडवी न्या. जुळवून बांधून ठेवलेली पानं दिसली तर सोडू नका. गॅली (कडा असलेला धातूचा ट्रे) त्यांना लागून धरा आणि तिच्यावर अलगद सरकवून घ्या. त्या छापखान्यानं शेवटचं काय जुळवलं होतं, याचा तो पुरावा आहे.

पहिल्या मजल्याचा विचार सोडून द्या. वीस केसेसचा एक रॅक दोनशे ते तीनशे किलोचा होतो आणि उभा राहतो जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर. राहत्या घराचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून बांधतात. ट्रेडल तर याहून जड आणि चालताना हादरणारं. तळमजला, पक्की फरशी, भिंतीपासून किमान दोन फूट अंतर. बांधकाम अभियंत्याला दाखवल्याशिवाय दुसरीकडे कुठे ठेवू नका.

आणखी एक. पितळी रूल (रेघा छापायच्या पट्ट्या) आणि शिशाचे लेड (दोन ओळींमध्ये घालायच्या पट्ट्या) भंगारवाला सगळ्यात आधी उचलतो, कारण ते वजनावर विकले जातात. देणगीच्या पत्रात या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख करून घ्या. बिलबुकं, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांची फाइल, जस्ताचे ब्लॉक, तपासलेली प्रुफं हे सगळं मागून घ्या. प्रेक्षक ट्रेडलपुढे फोटो काढतील, पण वाचत उभे राहतील ते पत्रिकांच्या फाइलीपाशी.

ट्रेडलचं चाक हलतच नाही. आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्यानं घण मारून आणि गोडेतेल सोडून बघू म्हटलंय. – माजी शिक्षक, कोल्हापूर जिल्हा

दोन्ही नको. ट्रेडलचा सांगाडा बिडाचा असतो. बीड दाब सोसतं, धक्का सोसत नाही. घणाच्या एका घावानं बाजूची भुजा किंवा शाईच्या रुळाचा हात तडकतो. बिडाला साधं वेल्डिंग नीट धरत नाही, पितळेनं झाळावं लागतं आणि तेही जाणकाराकडूनच. गोडेतेल काही महिन्यांत डिंकासारखं घट्ट होतं. बऱ्याच बंद ट्रेडलांत जे अडकलेलं असतं ते गंज नसून असं सुकलेलं खाद्यतेल आणि शाई असते.

आधी रूळ, चेस (खिळे आवळून बसवायची लोखंडी चौकट) आणि शाईची थाळी काढून घ्या. सगळी तेलाची भोकं शोधा. रंग आणि काजळीखाली ती बुजलेली असतात. मोठं ट्रेडल असेल तर वीस-पंचवीस तरी सापडतील. बारीक तारेनं मोकळी करून त्यांत रॉकेल आणि मशीन ऑइल अर्धंअर्धं सोडा. रॉकेल मिळत नसेल तर रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन चालतं. रोज सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं, आठवडाभर. या आठवड्यात चाकाला हात लावू नका.

मग दोघांनी चाकाची कड धरून दोन्ही दिशांना हलकेच, बोटभर झुलवून बघा. पायट्यावर जोर द्यायचा नाही, तिथला हूक सगळ्यात आधी तुटतो. थोडंसं झुललं तरी जिंकलंत. पुन्हा तेल, पुन्हा झुलवणं. अजिबात झुललं नाही तर बेड (चेस बसते तो सपाट भाग) आणि प्लेटन (कागद दाबणारी पाटी) यांच्यामध्ये काही पडलंय का ते टॉर्चनं पाहा. एखादं क्वाइन (चेसमध्ये मजकूर आवळायची पाचर) किंवा खिळा मोठ्या दात्यांत अडकलेला असणं अगदी नेहमीचं. मोठ्या दात्याच्या चाकाला आतून एक खोबण असते, तिच्यात एक लहान गोल चाक पळतं. ते चाक फिरत नसेल तर ते घासत जातं आणि एका बाजूनं चपटं होतं. ते मोकळं होईपर्यंत यंत्र चालवायचं नाही.

गंज काढायला अतिबारीक, म्हणजे चार शून्यांचं स्टील वूल आणि तेल. बेड आणि प्लेटन यांच्या सपाट पृष्ठभागांवर पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर फिरवू नका. एका जागी केसभर खड्डा पडला तरी तिथली अक्षरं कायम फिकट उठतात. वाळूचा मारा तर मुळीच नको, ती वाळू बेअरिंगांत शिरते. जुना रंग आणि सोनेरी रेघा शिल्लक असतील तर त्यांवर नवा रंग देण्याचा मोह आवरा. मोकळं झाल्यावर ३० ग्रेडचं साधं मशीन ऑइल, प्रत्येक भोकात दोन थेंब, चालवायच्या प्रत्येक दिवशी.

चाक कुठल्या दिशेनं फिरतं त्याचा बाण खडूनं काढून ठेवा, मग रंगानं पक्का करा. आणि पहिली छाप घेण्याआधी कागद धरणाऱ्या दोन्ही पट्ट्या, म्हणजे ग्रिपर, फर्म्याच्या (चेसमध्ये आवळलेल्या मजकुराच्या) बाहेर आहेत ना, हे हातानं चाक फिरवून पाहा. ग्रिपर खिळ्यांवर आला तर एका फेरीत अख्खी ओळ चेचली जाते.

दाब कसा लावायचा? आमच्याकडे डावीकडचा मजकूर काळाभोर आणि उजवीकडचा अर्धा गायब. प्लेटनच्या मागचे स्क्रू पिळून पाहिले, आता चारही कोपरे बिघडलेत. – दोन विद्यार्थी, उपयोजित कला महाविद्यालय

स्क्रू शेवटी. आधी रूळ तपासायचे असतात. फिकं उठणारं अर्धं पान दाबाअभावी फिकं आहे की शाईअभावी, हे कागद उलटा करून कळतं : मागं बोटाला उठाव लागतो पण शाई नाही, तर दोष रुळाचा.

खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे २३.३ मिलिमीटर. रूळ बरोबर त्या पातळीवरून जायला हवा. शाई लावलेला रूळ खिळ्याच्या उंचीच्या सपाट ठोकळ्यावर अलगद टेकवून उचला. ठोकळ्यावर उमटलेली पट्टी दोन्ही टोकांना सारखी, साधारण तीन मिलिमीटर रुंद हवी. रुंद पट्टी म्हणजे रूळ खाली. तो अक्षरांच्या कडांवरून शाई आत ढकलतो आणि ‘ध’, ‘भ’ यांची पोटं भरतात. पट्टीच नाही म्हणजे रूळ झिजलाय किंवा त्याची चाकं मोठी पडतायत. रूळ खाली असेल तर त्याची चाकं ज्या कडांवरून धावतात त्यांना विजेची चिकटपट्टी एकेक थर लावून उंची साधता येते.

रूळ ठीक असतील तर प्लेटनकडे वळा. चेसच्या चार कोपऱ्यांत ३६ पॉइंटचा एकेक खिळा बांधा. प्लेटनवर एक कडक पुठ्ठा, चार-पाच साधे कागद आणि वरून ताठ ओढलेला टिंपन कागद, सगळं मिळून सुमारे एक मिलिमीटर. आता छाप घ्या. चारही ठिकाणी मागचा उठाव सारखा येईपर्यंत एकेका स्क्रूला अष्टमांश फेरी द्या, प्रत्येक वेळी चेकनट घट्ट करून. चारही सारखे झाले की पान्याला सुट्टी. पुढचे सगळे बारीक फरक कागदानं भागवायचे. फिकं उठणाऱ्या जागेच्या मागं, टिंपनच्या आत, पतंगाच्या कागदाचा तुकडा खळीनं चिकटवा. तुकड्याच्या कडा कापू नका, फाडा. कापलेली कड छापात रेघ बनून दिसते. एका चांगल्या पानाला ही तयारी तासभर खाते आणि तो तास वाचवता येत नाही.

दाब वाढवत नेऊन अक्षरं कागदात खोल रुतवायची हल्ली हौस आहे. जुन्या खिळ्यांवर ती करू नये. खिळा मऊ धातूचा आहे, दर छापेला तो थोडा मरतो. संग्रहालयाच्या खिळ्यांना पुन्हा ओतणारं फारसं कुणी उरलेलं नाही.

खिळ्यांवर पांढरी भुकटी आलीये. ती पुसू का? आणि शाळेतल्या मुलांनी हे खिळे हाताळावेत का? – मुख्याध्यापिका

कोरड्या फडक्यानं किंवा ब्रशनं मुळीच झटकू नका. खिळ्यांचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. लायनो यंत्रावर ओतलेल्या अख्ख्या ओळीत शिसं साधारण ८५ टक्के असतं. हातानं जुळवायच्या ओतीव खिळ्यांत अँटिमनी आणि कथील जास्त, म्हणून ते कणखर. पांढरी भुकटी हे शिशाचं कार्बोनेट. दमट हवा आणि आम्लाची वाफ एकत्र आली की ते तयार होतं आणि ती वाफ बहुतेक वेळा नव्या कपाटातूनच येते. ताजं प्लायवूड, एमडीएफ, त्यांतली सरसाची द्रव्यं, पुठ्ठ्याचे खोके हे सगळे दोषी. जुन्या सागवानी केसमध्ये साठ वर्षं धड राहिलेले खिळे चकचकीत नव्या शोकेसमध्ये दोन पावसाळ्यांत पांढरे पडतात, ते यामुळे. खिळे पत्र्याच्या किंवा जुन्या लाकडाच्या कपाटात ठेवा, हवा खेळती राहू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर उत्तम. कोकणात पावसाळ्यात त्यासाठी यंत्र लागेल.

भुकटी आलेले खिळे वेगळे काढा. एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घाला. हलक्या मशीन ऑइलनं ओलसर केलेल्या फडक्यानं पुसा. फडकं पुन्हा वापरू नका, बंद पिशवीत टाका. खिळ्याचं तोंडच खाल्लं गेलं असेल तर तो वाचत नाही. असे खिळे घरी वितळवायचे नाहीत. शिशाची वाफ आणि वर जमणारी मळी हीच खरी घातक. ते परवाना असलेल्या शिसं-पुनर्वापर कारखान्याकडेच जावेत.

स्वच्छ, चकाकते खिळे मुलांनी हाताळायला हरकत नाही. धातूतलं शिसं कातडीतून फारसं आत जात नाही, ते जातं तोंडावाटे आणि धुळीवाटे. त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती खिळा नाही. खोलीत खाणं-पिणं नाही, डबेसुद्धा बाहेर. दारातच साबण आणि नळ. प्रत्येक मूल हात धुऊनच बाहेर पडेल, यासाठी एक माणूस तिथे उभा. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. गरोदर स्वयंसेविकांना केसेस साफ करण्याचं काम देऊ नका.

आणि चालू ट्रेडलमध्ये मुलांना कागद घालू देऊ नका. अनेक छापखान्यांत बोटं गेली आहेत ती याच उघडझाप करणाऱ्या जबड्यात. मुलांसाठी साधा प्रूफ प्रेस ठेवा. गॅलीवरून जड रूळ एकदा फिरवला की छाप उठते, तेवढा आनंद पुरतो.

वीस मिनिटांच्या प्रात्यक्षिकात देवनागरी जुळणी समजावून सांगता येईल असा एखादा शब्द सुचवा. – स्वयंसेवक, शहर संग्रहालय

‘विद्यार्थी’ घ्या. एका शब्दात सगळं येतं.

कंपोझिंग स्टिक (ओळ जुळवायचा छोटा धातूचा ट्रे) डाव्या हातात, अंगठा आत, शेवटच्या खिळ्यावर टेकलेला. माप २० एम (छापखान्यातलं लांबीचं एकक), म्हणजे सुमारे साडेआठ सेंटिमीटर. खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते, ती वर ठेवायची. खाच वर आली की अक्षर डोक्यावर उभं राहतं आणि ओळ नेहमीसारखीच डावीकडून उजवीकडे वाढत जाते. देवनागरीत शिरोरेषा तळाला दिसते, अक्षरं तिच्यावर उलटी उभी. मुलांना हे बघायला पुरेसा वेळ द्या. आरसा दाखवायची घाई करू नका, दोन मिनिटांत त्यांचं त्यांना वाचता येतं.

‘अखंड’ पद्धतीच्या केसमधून खिळे उचलायचे ते असे : ऱ्हस्व वेलांटी, व, जोडलेला द्य, काना, थ आणि शेवटी रफार अंगावर घेतलेली दीर्घ वेलांटी. सहा खिळे. वेलांटी ‘व’च्या आधी आली आणि उच्चारात ‘थ’च्या आधी असलेला ‘र्’ सगळ्यांत शेवटी. मोबाइलवर हाच शब्द टंकताना आधी ‘व’ दाबतो, मग वेलांटी. ‘र्’ही ‘थ’च्या आधी. जुळारी डोळ्याला दिसतं त्या क्रमानं उचलतो, मोबाइल ऐकू येतं त्या क्रमानं मागतो. मुलांना हा फरक सांगा, ती लगेच आपापल्या नावांवर करून बघतात.

तुमच्याकडच्या केसेस ‘डिग्री’ पद्धतीच्या असतील तर काम वेगळं. डिग्रीत वरच्या-खालच्या खुणा वेगळ्या लहान अंगांवर ओतलेल्या असतात आणि त्या अक्षराच्या वर-खाली बसवाव्या लागतात. प्रत्येक ओळ म्हणजे तीन मजले, प्रत्येक मजल्यातल्या रिकाम्या जागाही भरायच्या. अखंडात अक्षर खुणेसकट एकाच अंगावर मिळतं, किंवा खुणेचं टोक अंगाबाहेर झुकून शेजारच्या अक्षरावर येतं. झुकलेलं ते टोक नाजूक. जुन्या पुस्तकांत रफार किंवा अनुस्वार मध्येच गायब दिसतो तो पुष्कळदा या मोडलेल्या टोकामुळे, मुद्रितशोधकाच्या चुकीमुळे नव्हे.

शब्द झाला की उरलेली जागा क्वाड आणि स्पेस, म्हणजे न छापले जाणारे बुटके खिळे, घालून भरा. ओळ बरोबर भरली का, हे स्टिक पुढे कलवून कळतं : खिळे पडले नाहीत, पण बोटानं ओळ सरकली, तर बरोबर. सैल ओळ फर्मा उचलताना गळते. अती घट्ट ओळ शेजारच्या ओळींना सैल करते आणि मग छापताना स्पेस वर येऊन दोन शब्दांमध्ये काळे ठिपके उठतात. फर्मा बांधताना क्वाइन आधी बोटानं आवळायचं, लाकडी ठोकळा ठेवून हलकं ठोकून खिळे समतल करायचे, मगच किल्ली. आधी किल्ली फिरवून नंतर ठोकलं तर उंच राहिलेल्या खिळ्याचं तोंड चेपतं.

प्रात्यक्षिकानंतर खिळे ज्याच्या त्या खणात त्याच दिवशी परत. ‘उद्या टाकू’ म्हणून बशीत ठेवलेल्या खिळ्यांनीच चांगल्या केसेसची खिचडी झालेली आहे.

घरात आजोबांचं जुनं पंचांग सापडलंय, मुखपृष्ठ नाही. ते शिळाछापाचं की खिळ्यांचं, हे कसं ओळखायचं? – वाचक, सातारा

दहापट दाखवणारं भिंग आणि तिरका उजेड पुरे. खोलीत अंधार करून टॉर्च पानाच्या पातळीला बाजूनं धरा आणि पान उलटं करून पाहा. खिळ्यांची छाप असेल तर ओळींचा उठाव हाताला नाही तरी सावलीत दिसतो. मात्र शंभर वर्षं दाबून बांधलेल्या पोथीत उठाव बसून जातो, म्हणून एवढ्यावर थांबू नका.

भिंगाखाली अक्षराची कड बघा. खिळा शाईला बाहेर ढकलतो, म्हणून कडेनं गडद रेघ आणि आत किंचित फिकं. शिळाछापात शाई सगळीकडे सारखी, चपटी. मग शिरोरेषा. खिळ्यांच्या छापात ती अक्षरागणिक केसाएवढी तुटलेली असते, कारण प्रत्येक खिळ्याचा कोपरा झिजतो आणि दोन खिळ्यांत फट राहते. शिळाछापात लेखनिकानं ती एका ओढीत लिहिलेली असते. शेवटी एखादं जोडाक्षर, समजा ‘क्ष’, पानावर तीन ठिकाणी शोधा. खिळ्यांत तिन्ही एका साच्याचे. हातानं लिहिलेल्यात, अक्षर कितीही घोटीव असलं, तरी एकाची शेपटी लांब असतेच. फसवणूक एकाच ठिकाणी होते : खिळ्यांनी जुळवून घेतलेली छाप दगडावर उतरवून छापलेली असेल, तर अक्षरं साच्याची पण उठाव नाही.

शिळाछापात लेखनिकाला उलटं लिहावं लागत असेल, असं पुष्कळांना वाटतं. बहुधा लागत नसे. तो चिकट, तेलकट शाईनं खास कागदावर सुलटं लिही. तो कागद दगडावर पालथा दाबला की मजकूर उलटा उतरे. मग डिंक आणि सौम्य आम्ल लावून दगड ‘बसवत’. ओल्या दगडावर रूळ फिरवला की लिहिलेली जागा शाई घेते, ओली जागा नाकारते. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापलं ते याच पद्धतीनं. तुमच्या प्रतीवर शके कुठेतरी आतल्या पानात, संवत्सरफलाजवळ, नक्की सापडेल. त्यात ७८ मिळवलेत की इसवी सन.

गोव्यात १५५६ सालीच छापखाना आला, मग छापील देवनागरी मराठी दिसायला १८०५ का उजाडलं?

यंत्र येणं सोपं होतं, खिळे घडवणं नव्हतं. रोमन लिपीला शे-दीडशे खिळे पुरतात. देवनागरीच्या प्रत्येक खिळ्यासाठी पोलादी पंच कोरा, तो तांब्यात ठोकून मातृका करा, ती साच्यात बसवून ओता. आणि असे शेकडो. म्हणून फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत. मुंबईत व्यापारी भीमजी पारेख यांच्या आग्रहावरून हेन्री हिल्स नावाचा मुद्रक १६७४ साली आला, पण त्याला खिळे कोरता येत नव्हते आणि बेत फसला. बंगालमधल्या श्रीरामपूरला पंचानन कर्मकारांसारखा कोरणारा कारागीर होता, म्हणून तिथे १८०५ साली मिशनरी विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापता आलं. पुढे मुंबईत हे काम थॉमस ग्रॅहम यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात उभं केलं. तिथेच शिकलेले जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांच्या हाताच्या पंचांनी त्याची अक्षरं नावाजली गेली. संग्रहालयात एकच फलक लावण्याइतकी जागा असेल तर तो या कोरणाऱ्या हातांविषयी लावा.

मुलीकडे बेल्जियमला जातेय. अँटवर्पचं छपाईचं संग्रहालय पाहावं का? एकच दिवस आहे. – वाचक, ठाणे

अवश्य, आणि अर्धा दिवस तरी द्या. प्लांटिन-मोरेटस हे संग्रहालय म्हणजे नंतर मांडलेला संग्रह नाही, तो छापखानाच आहे. क्रिस्तोफ प्लांटिननं १५५५ साली सुरू केलेला धंदा त्याच्या जावयाच्या घराण्यानं तीनशे वर्षं चालवला, १८७६ साली सगळा वाडा सामानासकट शहराला विकला आणि पुढच्याच वर्षी तो लोकांना खुला झाला. २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

जगात शिल्लक असलेली सगळ्यात जुनी दोन छापयंत्रं इथे आहेत, इसवी सन १६००च्या सुमाराची, लाकडी. त्यांच्यापुढे उभं राहून दांडा बघा. दाब देणारी पाटी लहान असल्यानं एका फर्म्याला दोनदा दांडा ओढावा लागे. मग जुळारीखोलीत केसेसचा उतार आणि खिडक्यांची दिशा बघा. उजेड जुळाऱ्याच्या हातावर पडावा अशीच मांडणी आहे. तपासनिसांची खोली वेगळी, शांत, मोठ्या टेबलाची. १५६८ ते १५७३ या काळात आठ खंडांचं पाच भाषांतलं बायबल इथून निघालं. हिब्रू, ग्रीक, सिरियाक अशा परक्या लिप्यांची प्रुफं तपासायची म्हणजे काय, ते ती खोली पाहून कळतं. गारामाँसारख्या कोरणाऱ्यांचे मूळ पंच आणि मातृका काचेत आहेत. पंचाचं टोक डोळ्यांच्या पातळीला आणून पाहा. अक्षराच्या पोटातली पोकळी आधी दुसऱ्या पंचानं ठोकून घेतलेली असते, मग बाहेरची कड कानसलेली. आपल्या ‘श्र’ किंवा ‘ह्म’साठी हेच काम किती पटीनं अवघड असेल, याचा तिथे अंदाज येतो.

थोडक्यात उत्तरं

ट्रेडलला ऑफसेटची शाई चालते. फार पातळ वाटली तर चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट घोटून मिसळा. पोस्टकार्डाएवढ्या कामाला हरभऱ्याएवढी शाई पुरे.

जुने सरेस-काकवीचे रूळ पावसाळ्यात पाणी पिऊन मऊ पडतात आणि उन्हाळ्यात आकसतात. ते प्रदर्शनात ठेवा, छापायला रबराचे बनवून घ्या. कुठलाही रूळ थाळीवर किंवा खिळ्यांवर टेकलेला सोडू नका, एका रात्रीत चपटा होतो.

शाईची फडकी ढिगानं साठवू नका. अळशीच्या तेलाची शाई सुकताना तापते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. झाकणाचा पत्र्याचा डबा, तळाशी पाणी, आणि संध्याकाळी डबा इमारतीबाहेर.

लाकडी खिळे पाण्यानं किंवा रॉकेलनं धुऊ नका. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ, अडकलेल्या शाईला टर्पेंटाइननं ओलसर केलेलं फडकं, लगेच कोरडं पुसणं. भुंग्याची बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा दिसला तर तो संच त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत न्या.